थंड हवेचा ओघ आणि सखल रानातील द्राक्षबाग

पौषातील निरभ्र रात्री वारा पडला म्हणजे निफाड तालुक्यातील द्राक्ष बागाईतदारांस चिंता लागते. गोदावरी व कादवा यांच्या काठच्या सखल रानातील बाग गारठते. त्याच शिवारातील चढावरची बाग मात्र पुष्कळदा बचावते. मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास अशी थंडी पडल्यास मणी तडकतात व वर्षाची मेहनत वाया जाते. दोन्ही बागांवरील आकाश एकच असता हा भेद का व्हावा? याचे कारण हवेच्या वजनात आहे.

समुद्रसपाटीवर ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर कोरडी हवा सुमारे १,१६५ ग्रॅम भरते. तीच हवा ५ अंशांपर्यंत निवली की आकुंचन पावते आणि तेवढ्याच जागेत सुमारे १,२७० ग्रॅम मावते. नाशिकच्या उंचीवर हे आकडे काहीसे कमी भरतील, परंतु प्रमाण तेच राहील. पाण्यावर तेल यावे तशी उबदार, विरळ हवा वर उचलली जाते आणि थंड, जड हवा तळाशी बसते.

सूर्यास्तानंतर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून निवते. तिला लागून असलेला हवेचा थरही निवतो, जड होतो आणि पाण्याप्रमाणे उताराची वाट धरून खोलगट भागात साचतो. त्याच्या वर काही मीटरांवर उबदार हवेचा थर असतो. वारा असल्यास हे थर मिसळतात. ढग असल्यास जमिनीची उष्णता अडते. म्हणून धोका असतो तो वारा पडलेल्या, निरभ्र रात्री, आणि त्यातही पहाटे.

बागेच्या खालच्या अंगास दाट कुंपण असेल, तर बांधाने पाणी अडावे तशी थंड हवा तेथे तुंबते. ती बाजू विरळ करून हवेस वाट द्यावी. दाट झाडी हवीच असेल, तर ती वरच्या अंगास असावी.

शेकोट्यांविषयी एक चूक सर्रास होते. एकच मोठा जाळ केल्यास त्यावरील हवा अतिशय तापून उबदार थर भेदून निघून जाते, व तिच्या जागी भोवतालची थंड हवा बागेत ओढली जाते. लहान शेकोट्या अनेक ठिकाणी पेटविल्यास माफक तापलेली हवा थोडी वर जाऊन थांबते आणि तिची ऊब बागेतच खेळते. धूर हे बागेचे पांघरूण आहे, ही समजूत फारशी खरी नाही. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की जमिनीची उष्णता त्यांतून बहुतांशी निसटते. सकाळी रेंगाळलेला धूर उलट ऊन अडवितो. ओला पाला कोंडून धूर करण्यापेक्षा छाटणीच्या सुक्या काड्या वेलींपासून अंतर राखून जाळाव्यात.

ओली जमीन कोरड्या, भुसभुशीत जमिनीपेक्षा दिवसा अधिक उष्णता साठविते व ती रात्री सोडते. विहिरीचे पाणीही अशा रात्री हवेहून उबदार असते. तेव्हा थंडीची लाट येण्याचा संभव दिसताच हलके पाणी द्यावे.

घराच्या ओट्यावरील तापमापकावरून बागेची स्थिती कळत नाही. तो बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, घडांच्या उंचीवर टांगावा.