डिस्कस माशांच्या पेटीसाठी शेवाळभक्षी माशाची निवड

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरालगत शोभिवंत मासे वाढविण्याच्या लहान केंद्रांचाही समावेश करण्यात आला. त्यामुळे या माशांसंबंधीची विचारपूस ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांकडे होणे स्वाभाविक आहे. डिस्कस पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे पेटीच्या काचेवर साचणारे शेवाळ.

डिस्कस हा थाळीसारखा चपटा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. त्यास २८ ते ३० अंश सेल्सिअस इतके उबदार पाणी लागते. शिवाय त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत तर आहेच, परंतु नवजात पिलांचे अन्नही तेच आहे. पोहू लागलेली पिले आईबापांच्या अंगाला बिलगून हा स्राव खातात. म्हणून त्या थरास तोंड लावणारा मासा पेटीत नसावा, ही निवडीची पहिली कसोटी होय.

बाजारात ‘सकर’ म्हणून बोटाएवढा मासा स्वस्तात मिळतो. तो घेऊ नये. तो फुटाहून अधिक वाढतो, फार घाण करतो आणि मोठा झाल्यावर रात्री डिस्कसच्या अंगास चिकटून थर ओरबाडतो. तथाकथित चिनी शेवाळभक्षी माशाची खोडही तीच. लहानपणी तो शेवाळ खातो, पुढे रुंद अंगाच्या माशांना चिकटतो. ओटोसिंक्लस स्वभावाने निरुपद्रवी, पण त्यास थोडे थंड पाणी मानवते.

त्यातल्या त्यात ब्रिसलनोज हा मासा उपयुक्त ठरतो. तो सुमारे १० ते १३ सेंटिमीटरच वाढतो. मध्यम पेटीस एक पुरे. लपण्यास लाकडाचा ओंडका ठेवावा व शेवाळ कमी पडल्यास काकडीची चकती द्यावी. उरलेली चकती सकाळी काढून टाकावी. नवा मासा तीन ते चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून रोगाची लक्षणे नाहीत असे पाहूनच डिस्कसमध्ये सोडावा. विणीच्या पेटीत मात्र ब्रिसलनोजही नको, कारण रात्री तो अंडी खातो. तेथे काच हातानेच पुसावी.

शेवाळ मुळात वाढते ते अति प्रकाशाने व उरलेल्या खाद्याने. दिवा आठ तासांहून अधिक जाळू नये, पेटीवर ऊन पडू देऊ नये आणि पाणी वरचेवर बदलावे. एवढे केले म्हणजे कित्येकदा माशाची गरजच उरत नाही.

आता अधिक महत्त्वाची गोष्ट. नकोसा झालेला सकर विहिरीत, शेततळ्यात वा नदीत कदापि सोडू नये. पूर्व कोलकात्याच्या भेड्यांमध्ये व देशातील इतर पाण्यांत हा परदेशी मासा पसरला आहे. तो काठ पोखरतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि खाण्याच्या माशांचे अन्न तो पळवितो. असा मासा कोणी आणून दिल्यास कार्यकर्त्याने तो विक्रेत्याकडे परत करण्यास सांगावे. विक्रेता घेत नसल्यास त्यास मारून खोल पुरावे.