कामाआधीचा कागद

लग्नाआधी याद्या होतात, घराआधी नकाशा होतो आणि नाटकाआधी संहितेचे वाचन होते. काम हाती घेण्यापूर्वी ते कागदावर उतरवून चार जणांपुढे ठेवायचे, ही आपल्या ओळखीची रीत आहे. शिक्षण, संशोधन, उद्योग, समाजकार्य आणि सरकारी कारभार या क्षेत्रांत या कागदाला ‘कन्सेप्ट पेपर’ किंवा ‘कन्सेप्ट नोट’ म्हणतात. आपण त्याला संकल्पना-टिपण म्हणू.

त्याची भावंडे पुष्कळ आहेत. पीएचडीचा विद्यार्थी ‘सिनॉप्सिस’ देतो. कर्ज मागणारा ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ घेऊन बँकेत जातो. चित्रपटाचा लेखक निर्मात्याला ‘वन लाइन’ ऐकवतो. मंत्रालयात एखादी टिपणी या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. काटेकोरपणे पाहिले तर टिपण आधी येते आणि सविस्तर प्रस्ताव त्याच्यामागून. टिपण दोन-चार पानांचे असते. त्याचा उपयोग एवढाच, की वाचणाऱ्याने थोड्या वेळात ठरवावे : या माणसाला पुढे जाऊ द्यायचे, की इथेच थांबवायचे? कागदावर ‘नाही’ म्हणायला फार खर्च येत नाही. यंत्र विकत घेतल्यावर, माणसे नेमल्यावर किंवा गावाला शब्द दिल्यावर ‘नाही’ म्हणणे फार महाग पडते.

मग सगळ्या क्षेत्रांना एकच नमुना का चालत नाही? एका ठिकाणी वाखाणलेले टिपण दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच पानावर का बाद होते? याचे उत्तर भाषेत किंवा मांडणीत सापडत नाही. प्रत्येक क्षेत्राला कशाची तरी भीती असते, आणि ती भीती वेगळी असते. वाचणारा त्या भीतीचे उत्तर आधी शोधतो. ते दिसले नाही, तर बाकीचे कितीही सुंदर असले तरी त्याचे मन पुढे सरकत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात कल्पना निघाली : कांद्याचा भाव पडतो तेव्हा तो उन्हाच्या उष्णतेवर, सौर वाळवणयंत्रात वाळवून विकावा. कल्पना एकच, पण तिच्यावर चार माणसे चार टिपणे लिहायला बसली आहेत.

पहिला आहे अन्नतंत्रज्ञानाचा विद्यार्थी. संशोधनाच्या क्षेत्राला भीती असते ती केलेलेच पुन्हा करण्याची, आणि ज्याचे उत्तर मिळणारच नाही असा प्रश्न विचारण्याची. या विद्यार्थ्याने शेतकऱ्याच्या अडचणींवर दोन पाने भरली, तरी मार्गदर्शक विचारणारच, “अरे, पण तुझा प्रश्न कोणता?” त्याने लिहायला हवे ते असे : किती तापमानाला वाळवला तर कांद्याचा रंग आणि तिखटपणा टिकतो, यावर आधी कोणी काय शोधले, काय राहिले आणि ते मी कसे मोजणार. इथे उत्तर ‘टिकत नाही’ असे आले तरी काम वाया जात नाही. ही मुभा बाकीच्या तिघांना नाही.

दुसरी आहे इंजिनिअर. तिच्या क्षेत्राची भीती अशी, की यंत्र कागदावर चालेल आणि शिवारात बंद पडेल. म्हणून तिच्या टिपणात आधी हिशेब येतो. कांद्यात वजनाच्या सुमारे ८६ ते ८८ टक्के पाणीच असते. १०० किलो कांदा सोलून, चिरून, वाळवला तर हाती साधारण १० किलो माल येतो आणि ८० किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन जावे लागते. एक किलो पाण्याची वाफ करायला जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते. म्हणजे ८० किलोंना ५५ ते ६० युनिट. आपल्याकडे स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर दिवसाला साधारण ५ ते ६ युनिट उष्णता पडते. यंत्राने तिच्यातली तिसऱ्या हिश्शाइतकी कामी लावली, तर तीसेक चौरस मीटरचा पसारा हवा. शिवाय आभाळ आले तर काय, हे एका ओळीत सांगायला हवे. विद्यार्थ्याच्या टिपणात ही आकडेमोड नसली तरी चालते. इंजिनिअरच्या टिपणात ती नसेल, तर टिपणच नाही.

तिसरा आहे महिलांचा बचत गट. त्यांना बँकेकडून कर्ज हवे आहे आणि बँकेची भीती उघड आहे : पैसा परत येईल का? इंजिनिअरचाच आकडा इथे वेगळे बोलू लागतो. दहा किलो कांद्यातून एक किलो माल निघतो. कांदा १५ रुपये किलो असेल, तर एक किलो वाळलेल्या कांद्यात कच्च्या मालाचेच १५० रुपये झाले. तोच कांदा ४० रुपयांवर गेला की ४०० रुपये. वर मजुरी, पॅकिंग, वाहतूक आणि कर्जाचा हप्ता. तेव्हा या टिपणात एक वाक्य हवेच : कांदा अमुक भावाच्या वर गेला की आम्ही वाळवण थांबवू आणि त्या महिन्यांत अमुक दुसरे काम घेऊ. ‘बाजारात मोठी मागणी आहे’ या वाक्याने बँकेचा साहेब खूश होत नाही. ‘या तीन मसालेवाल्यांशी बोललो, महिन्याला एवढा माल घ्यायला ते तयार आहेत’ असे असले, की तो चष्मा पुसून पुन्हा वाचतो.

चौथी आहे सामाजिक संस्था. तिला देणगीदाराकडून निधी हवा आहे. देणगीदाराला भीती असते ती अशी, की फायदा नेमका गरजूपर्यंत पोचणार नाही आणि निधी संपला की काम संपेल. म्हणून यंत्राची मालकी कोणाची, तिसऱ्या वर्षी ते बिघडले तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, कांदा चिरत बसणाऱ्या बायकांना तासाला काय मिळणार आणि घरचे काम सांभाळून त्या किती तास बसू शकतील, हे प्रश्न इथे पहिल्या पानावर येतात. बँकेच्या टिपणात त्या बायकांची मजुरी हा खर्च असतो. संस्थेच्या टिपणात तीच मजुरी हे फळ असते.

वैद्यकीय क्षेत्राची भीती सर्वांत जुनी : माणसाला इजा होईल. त्यामुळे तिथे ‘हे करून पाहू’ म्हणण्याआधी ‘कोणाच्या संमतीने’ आणि ‘काही बिघडले तर काय’ हे सांगावे लागते. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानंतर हा विचार जगभर रुजत गेला. भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी आधी करणे सक्तीचे झाले. मोठ्या प्रकल्पांचेही तसेच. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार परवानगीच्या अर्जासोबत पूर्व-व्यवहार्यता अहवाल जोडावा लागतो. तो अहवाल म्हणजे या टिपणाचाच थोरला भाऊ. तिथली भीती नदीची, जंगलाची आणि उठवल्या जाणाऱ्या वस्तीची असते.

आता इतिहासातली काही टिपणे पाहू. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी संस्था हवी, हे त्यांचे मागणे. त्यांचा मुद्दा असा, की दोनेक दशकांत अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल आणि तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला बाहेर पाहावे लागू नये. हिरोशिमावर बाँब पडायला तेव्हा सतरा महिने अवकाश होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि १९६९ मध्ये तारापूरची वीज वाहू लागली. तिथल्या अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या होत्या, पण त्या चालवणारी माणसे इथली होती. भाभांनी पत्रात माणसे घडवण्याचीच भाषा केली होती.

दुसरे टिपण मार्च १९८९ चे. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी माहितीच्या व्यवस्थेविषयी एक प्रस्ताव दिला. त्याची सुरुवात जगाचा कायापालट करण्याच्या घोषणेने झाली नव्हती. अडचण घरातली होती : इथे माणसे वर्ष-दोन वर्षांसाठी येतात आणि जाताना त्यांच्याबरोबर माहितीही जाते. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी त्यावर शेरा मारला, की हे धूसर आहे, पण उत्सुकता वाढवणारे आहे. त्यांनी कल्पना फेटाळली नाही, वाढू दिली. त्यातूनच वर्ल्ड वाइड वेब जन्माला आले. संशोधनाच्या क्षेत्रात धूसरपणा चालून जातो तो असा. अडचण मात्र स्पष्ट असावी लागते.

तिसरे टिपण १९५५ चे. जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन या चौघांनी अमेरिकेत रॉकफेलर फाउंडेशनकडे १३,५०० डॉलर मागितले. दहा जणांनी उन्हाळ्याचे दोन महिने एकत्र बसून ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’चा अभ्यास करायचा, अशी योजना होती. मिळाले ७,५०० डॉलर. एका उन्हाळ्यात लक्षणीय प्रगती होईल, हा त्यांचा अंदाज फारच आशावादी ठरला. पण त्या टिपणाने विषयाला नाव दिले आणि आज ते नाव घराघरांत पोचले आहे. वेळेचा अंदाज चुकूनही टिपण मोठे ठरू शकते, पण ते संशोधनात. बचत गटाच्या हप्त्याचा अंदाज असा चुकला, तर घरातले दागिने जातात.

चौथे उदाहरण आपल्या घरचे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात प्रयोगादाखल राबवली गेली. सरकारी योजनेच्या दोन भीती असतात : लाभार्थी कोण ठरवणार आणि पैसा कुठून येणार? या कल्पनेने पहिली भीती मोठ्या चतुराईने दूर केली. जो अंगमेहनतीला तयार होऊन येईल, त्याला काम. निवडीचा अधिकार साहेबाच्या हातातून मजुराच्या हातात आला. दुसरीचे उत्तर पुढे व्यवसाय करासारख्या करांतून शोधले गेले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या कामाला हातभार लावायचा. १९७२ च्या दुष्काळाने या विचाराची कसोटी घेतली. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यापुढे होता.

या चारही टिपणांत साम्य काय? अडचण खरी आहे आणि थोडक्यात सांगितली आहे. मार्ग एकच सुचवला आहे. कोणाकडून काय हवे, हे लपवलेले नाही. फरक आहे तो कोणत्या भीतीला आधी हात घातला यात.

आज मोबाइलवर चार शब्द टाकले, की यंत्र काही क्षणांत छान इंग्रजीत टिपण लिहून देते. त्यात सगळी शीर्षके जागच्या जागी असतात. पण गावातला कांदा कोणत्या महिन्यात निघतो, आणि पाटाला पाणी सुटले की बायका शेतावर जातात, वाळवणाला येत नाहीत, हे आपण सांगितल्याशिवाय त्यात उतरत नाही. नमुना उसना मिळतो, माहिती आपलीच लागते. शिवाय कागदावर लिहिलेला शब्द पुढे मागितला जातो. ‘दोनशे महिलांना रोजगार’ असे उत्साहाने लिहिले, की वर्षाअखेरीस दोनशे नावे दाखवावी लागतात. मग नावे जमवण्याचे काम सुरू होते आणि मूळ काम बाजूला पडते.

तेव्हा टिपण लिहायला बसणाऱ्याने, मग तो विद्यार्थी असो, कारागीर असो की शिक्षक, आधी एका कागदावर एवढेच लिहावे : हे वाचणाऱ्याला कशाची भीती आहे? त्याचे उत्तर पहिल्या पानावर द्यावे. मग अडचण, मार्ग, आधी कोणी काय केले, लागणारी साधने आणि काम साधले हे कशावरून ओळखायचे, हे पाच मुद्दे घ्यावेत. शेवटी एक मुद्दा बहुतेक नमुन्यांत नसतो, तो आवर्जून घालावा : काय झाले तर आम्ही थांबू.

आणि टिपण पूर्ण झाले, की ते साध्या मराठीत मोठ्याने वाचून दाखवावे. साहेबाला नव्हे, ज्यांच्यासाठी काम करायचे आहे त्यांना. कांदा चिरणारी बाई ऐकता ऐकता म्हणाली, “अहो, पण चैत्रात आम्हाला वेळ कुठला?” तर समजावे, की टिपणातली सर्वांत महत्त्वाची ओळ अजून लिहायची राहिली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)