देवळालीचं ‘डुलॅली’

‘ही हॅज गॉन डुलॅली’ म्हणजे गड्याचं डोकं फिरलंय. हा इंग्रजी शब्द आपल्या देवळाली कॅम्पचा बरं का! ब्रिटिश राजवटीत नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. मार्चनंतर आलेल्याची महिनोन्‌महिने रखडपट्टी. काम नाही, वर ऊन, दारू, मलेरिया. त्या भ्रमिष्टपणाला नाव पडलं ‘डुलॅली टॅप’. हा टॅप नळाचा नव्हे, आपल्या तापाचा भाऊ! फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाच्या १९३६च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’मध्ये या रखडपट्टीचं वर्णन आहे. पुढे ताप उतरला, नुसतं डुलॅली उरलं. वापरताना सोबत बहुधा ‘गो’ हे क्रियापद येतं. शब्द बोलीतला, मित्रांच्या चेष्टेत शोभतो. अर्जात, निबंधात नको. आणि खऱ्या मनोरुग्णाबद्दल तर मुळीच वापरू नका.