उसाबरोबर कारखान्यात येणारे पाणी

शेतातून निघालेली उसाची गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते, तेव्हा काटा जे वजन दाखवितो त्यात साखर थोडी व पाणीच फार असते. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते. म्हणजे एक टन उसातून सुमारे ७०० लिटर पाणी कारखान्यात जाते. हे पाणी शेतकऱ्याने विहिरीतून उपसलेले, रात्रीबेरात्री पाळी धरून पाटाने दिलेले असते. कारखान्यात गेल्यावर त्याचे काय होते, याचा विचार मात्र फारसा केला जात नाही.

पाण्याचा हिशेब

दररोज २,५०० टन ऊस गाळणारा कारखाना उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या गव्हाणीत रोज सुमारे साडेसतरा लाख लिटर पाणी उसाच्या रूपाने पडते. त्यातील काही भाग ओल्या चिपाडाबरोबर जातो. कारण चरकातून निघालेल्या चिपाडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. थोडे पाणी प्रेसमड व मोलॅसिस यांत राहते. उरलेले सर्व रसात उतरते व रस आटविताना त्याची वाफ होते.

या आकड्याचे महत्त्व दुष्काळात कळते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. अशा साडेतीन गाड्या भरतील इतके पाणी वरील कारखान्यात दररोज उसाबरोबरच येते. असे असताना कारखान्याने नदीतून किंवा कालव्यातून आणखी पाणी उचलावे आणि घरचे पाणी घाण करून ओढ्यात सोडावे, हा दुहेरी तोटा होय.

वाफेचे पुन्हा पाणी

रस आटविण्याची पात्रे एकापुढे एक जोडलेली असतात. पहिल्या पात्रातील रसाची वाफ दुसऱ्या पात्रातील रस तापविते, दुसऱ्याची वाफ तिसऱ्यातील. उष्णता देऊन झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते. यास कंडेन्सेट म्हणतात. पहिल्या पात्राचे कंडेन्सेट सर्वांत शुद्ध असल्याने ते बॉयलरला परत देतात. पुढील पात्रांचे गरम पाणी चरकावर चिपाड भिजवून उरलीसुरली साखर काढण्यास आणि चुन्याची निवळी करण्यास चालते. याउपर जे उरते ते निववून व शुद्ध करून यंत्रे थंड राखण्यास आणि धुलाईस वापरता येते. मात्र ते तसेच पिण्यास योग्य नसते, हे ध्यानात ठेवावे.

शेवटच्या पात्राची आणि साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनची वाफ थंड पाण्याच्या धारेत मिसळून तिचे पाणी करतात. हे कोमट झालेले पाणी फवाऱ्याच्या तळ्यात निववून फिरून वापरले जाते. वाफेच्या पाण्याची त्यात सतत भर पडत असल्याने तळे भरून वाहू लागते. रस उसळून त्याचे थेंब वाफेबरोबर गेले, तर तळ्यातील पाण्यात साखर उतरते, ते आंबते व पुन्हा वापरण्यास निरुपयोगी ठरते. म्हणून रसाचे थेंब वाटेतच अडविणारी साधने सुस्थितीत ठेवणे हा पाणीबचतीचा पहिला उपाय होय. जी साखर पाण्यात गेली ती पोत्यात येत नाही. म्हणजे यात सभासदाचेच नुकसान आहे.

सोडून दिलेल्या पाण्याचे परिणाम

साखरमिश्रित पाणी ओढ्यात गेले की त्यावर सूक्ष्म जंतू वाढतात व पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. पाणी काळे पडते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो व मासे मरतात. ते झिरपत गेल्यास आसपासच्या विहिरी बिघडतात. पात्रे धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरला जातो. तो पाण्यावाटे वारंवार शेतात आल्यास भारी काळी जमीन चोपण होण्याचा धोका असतो. चोपण झालेली जमीन सुधारण्यास जिप्सम, निचरा व अनेक हंगाम खर्ची पडतात. आसवनीतून निघणारे, लोक ज्यास मळीचे पाणी म्हणतात ते, याहून कितीतरी पटीने तीव्र असते. ते शेतात घेण्याचा मोह कोणीही धरू नये.

नियमांची मर्यादा

केंद्र शासनाने जानेवारी २०१६ मध्ये काढलेल्या नियमांनुसार साखर कारखान्याने गाळलेल्या प्रत्येक टन उसामागे शुद्ध केलेले सांडपाणी १०० लिटर व फवाऱ्याच्या तळ्याचे पाणी १०० लिटर, याहून अधिक बाहेर सोडता कामा नये. पूर्वी ही मर्यादा एकूण ४०० लिटर होती. सिंचनास मागणी नसेल तेव्हा शुद्ध केलेले पाणी साठविता यावे म्हणून १५ दिवसांच्या साठवणीची सोयही आवश्यक आहे. असे पाणी जमिनीस द्यावयाचे तर त्याचे प्रमाण पोत पाहून ठरते. वालुकामय जमिनीस अधिक, चिकण जमिनीस सर्वांत कमी.

गावाने काय करावे

१. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दराबरोबर पाण्याचाही हिशेब मागावा. बाहेरून किती पाणी उचलले, किती फिरून वापरले व टनामागे किती सोडले, हे तीन आकडे अहवालात असावेत.

२. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाळप सुरू होण्यापूर्वी व हंगाम संपल्यावर ओढ्याकाठच्या विहिरींचे नमुने स्वच्छ बाटलीत घेऊन तपासणीस पाठवावेत. दोन्ही वेळचे निकाल जवळ असले म्हणजे बोलण्यास आधार मिळतो.

३. कारखान्याचे शुद्ध केलेले पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याने आधी पाण्याची व मातीची तपासणी करून घ्यावी, शेतास निचरा ठेवावा व दरवर्षी माती पुन्हा तपासावी.

४. काळे किंवा दुर्गंधीयुक्त पाणी आढळल्यास दिनांक व ठिकाण नोंदवून ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे.

लोणी येथे शेतकऱ्यांनी उभारलेल्या सहकारी कारखान्यात १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले, तेव्हापासून सहकारी कारखाना हा सभासदांच्या मालकीचा मानला गेला आहे. मालकी म्हटली की जबाबदारी ओघाने आलीच. ज्या शेतकऱ्याने थेंब थेंब जपून ऊस वाढविला, त्याच्याच कारखान्याने पाणी वाया घालविणे शोभणारे नाही. कारखान्याने उसातील पाणी पुन्हा पुन्हा कामास लावले, तर नदीतील तेवढे पाणी उन्हाळ्यात गावाच्या विहिरीस, जनावरांना व उभ्या पिकास उरेल.