खपाचा आकडा आणि पायाखालची फळी

व्हिडिओ गेमची जोडउपकरणे बहुधा मुलांसाठीच असतात, असा आपला समज असेल. निन्टेंडो या जपानी कंपनीची ‘वी बॅलन्स बोर्ड’ ही उभे राहावयाची फळी मात्र आजीआजोबांच्याही पायाखाली गेली. डिसेंबर २००७ मध्ये ती जपानात ‘वी फिट’ या खेळासोबत विक्रीस आली. तिच्यातील चार संवेदक शरीराचा भार कोणीकडे झुकतो ते टिपतात. तीन वर्षांत तीन कोटींहून अधिक फळ्या खपल्या. मूळ ‘वी’ यंत्रांचा एकूण खपच सुमारे दहा कोटींचा!

तरीही या आकड्यापाशी आपण थोडे थबकावे. फळी खेळाच्याच खोक्यात मिळे. खेळ विकला की फळीही विकली. पुढे किती फळ्या पलंगाखाली धूळ खात पडल्या, हे विक्रीची वही सांगत नाही. मला दुसरा पुरावा अधिक बोलका वाटतो. २०१० मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतील महागड्या यंत्राशी तिची तुलना केली, तेव्हा उभ्या माणसाचा तोल मोजण्यात ती विश्वासार्ह ठरली.

नातवंडांची जुनी फळी आपल्या घरी असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टना विचारावे. भक्कम आधार हाताशी आणि कोणीतरी शेजारी असतानाच तिच्यावर उभे राहावे. चढण्याइतकेच उतरतानाही जपावे.