अलीपूर खटला आणि चित्तरंजन दास यांची वकिली

मुझफ्फरपूर येथे ३० एप्रिल १९०८ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटात दोन इंग्रज स्त्रियांचा बळी गेला आणि त्या घटनेचे पडसाद दोन गाजलेल्या खटल्यांत उमटले. मुंबईतील खटला मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. स्फोटाच्या निमित्ताने ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना त्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसरा खटला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कलकत्त्याच्या अलीपूर सत्र न्यायालयात सुरू झाला, आणि त्यात अरविंद घोष यांचा बचाव करणारे बॅरिस्टर चित्तरंजन दास हे नागरी स्वातंत्र्याच्या वकिलीचे भारतातील एक आद्य प्रवर्तक ठरले.

वडिलांच्या कर्जापायी दास यांना १९०६ मध्ये नादार व्हावे लागले होते. पुढे १९१३ मध्ये, कायद्याचे बंधन उरले नसतानाही, त्यांनी ते कर्ज फेडले. परंतु अलीपूरचे काम त्यांनी ऐन ओढगस्तीच्या काळात आणि जवळजवळ विनामोबदला अंगावर घेतले, ही गोष्ट विसरता येत नाही.

आरोप भारतीय दंडविधानाच्या १२१व्या कलमाखालचा, म्हणजे राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा होता आणि त्याची कमाल शिक्षा फाशी होती. सरकारपक्षाने दोनशेहून अधिक साक्षीदार आणले, पण नरेंद्रनाथ गोसाईं या माफीच्या साक्षीदाराचा, म्हणजे शिक्षामाफीच्या अटीवर साथीदारांविरुद्ध साक्ष देणाऱ्या आरोपीचा, तुरुंगातच सहआरोपींनी खून केला. बचावपक्षाला त्याची उलटतपासणी घेता आलेली नसल्याने त्याची जबानी पुराव्यात धरली गेली नाही.

अरविंदांविरुद्ध मोठी भिस्त होती ती एका पत्रावर. सुरत काँग्रेसच्या वेळी धाकटे बंधू बारींद्र यांनी ते लिहिले, त्यात देशभर ‘मिठाई’ तयार ठेवण्याची सूचना होती आणि मिठाई म्हणजे बॉम्ब, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. दास यांनी पत्राचा मायनाच तपासायला घेतला. बंगाली घरातला धाकटा भाऊ तिसऱ्या थोरल्या भावाला ‘सेजदा’ म्हणतो. तो इंग्रजीत ‘डिअर ब्रदर’ लिहून खाली आडनावासह सही कशाला करील, आणि दोघेही सुरतेतच असताना पत्राची गरजच काय, असे प्रश्न उपस्थित करून त्यांनी ते बनावट असल्याचे प्रतिपादन केले. न्यायाधीश बीचक्रॉफ्ट यांनाही ते पत्र विश्वासार्ह वाटले नाही.

याहून मोलाचा होता तो त्यांचा दुसरा युक्तिवाद. अरविंदांनी स्वातंत्र्याचा विचार मांडला हे दास यांनी नाकारले नाही. तो मांडणे हा गुन्हाच नव्हे, अशी ठाम भूमिका त्यांनी घेतली आणि विचार व कट यांच्यातील सीमारेषा पुराव्याने आखण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले. बारींद्र आणि उल्लासकर दत्त या सहआरोपींची फाशी उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आली, तर सत्र न्यायालयाने शिक्षा दिलेला बालकृष्ण हरी काणे हा मराठी तरुण अपिलात सुटला.

डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर दास यांनी भरभराटीची वकिली सोडली, तरी सरकारने आरोप पुराव्याने सिद्ध करावा हा आग्रह सोडला नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये व्हाइसरॉयांनी बंगालसाठी वटहुकूम, म्हणजे विधिमंडळाला न विचारता काढलेला तात्पुरता कायदा, जारी केला आणि खटला न चालवता सुभाषचंद्र बोस यांना अटक झाली. दास तेव्हा कलकत्त्याचे महापौर होते आणि सुभाषचंद्र महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. वटहुकुमाला कायद्याचे रूप देणारे विधेयक जानेवारी १९२५ मध्ये विधान परिषदेत आले, तेव्हा आजारी दास स्ट्रेचरवरून सभागृहात आले. विधेयक फेटाळले गेले. गव्हर्नरांनी विशेषाधिकार वापरून ते तरीही अमलात आणले. अलीपूरला निदान पुरावा तपासणारे न्यायासन होते, येथे तेही उरले नव्हते. दास १६ जून १९२५ रोजी दार्जिलिंग येथे निवर्तले. टिळकांनी शिक्षा भोगली त्याच मंडालेच्या तुरुंगात सुभाषचंद्र तेव्हा होते; मे १९२७ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना सोडण्यात आले, परंतु त्यांच्यावरील आरोप कोणत्याही न्यायालयात तपासला गेला नाही.