डोंगरातला तिसरा डोस



"आम्हाला बूस्टर डोस पाच मिनिटांत मिळाला, तुमच्याकडेच एवढी धावपळ का?" असे एका ताईंनी फोनवर विचारले. प्रश्न रास्त आहे. २०२२ च्या पावसाळ्यात सातपुड्यात सरकारी आरोग्य पथकांबरोबर फिरताना जे पाहिले, त्यावरून उत्तर देते.

१० जानेवारी २०२२ ला हा डोस सुरू झाला तो आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि इतर आजार असलेले ज्येष्ठ यांच्यासाठी. एप्रिलपासून १८ वर्षांवरील सर्वांना तो खुला झाला, पण बाकीच्या प्रौढांसाठी खाजगी केंद्रांत, पैसे भरून. आमच्या पाड्यांवर त्याचा काय उपयोग? मोफत डोस आला १५ जुलैला, ७५ दिवसांच्या मोहिमेत. त्याच्या काही दिवस आधी दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसमधले अंतर ९ महिन्यांवरून ६ वर आले होते. म्हणजे पुष्कळ लोक एकदम पात्र झाले, आणि तेही भर पावसात.

आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र हा सरकारी निकष. तिथे सिस्टर (आरोग्यसेविका), आरोग्यसेवक आणि पाड्यापाड्यावरच्या आशाताई. बाळंतपणे, बाळांचे डोस, मलेरियाचे रक्तनमुने, विहिरीत टीसीएल टाकणे ही कामे त्यांचीच, आणि ती पावसाळ्यातच वाढतात. बूस्टरसाठी वेगळी माणसे आली नाहीत. माझे स्पष्ट मत आहे की मोहीम जाहीर करताना आधी या बायांच्या डोक्यावरचे कागद कमी करायला हवे होते.

आता कुपीचे गणित. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत १० डोस. ती २ ते ८ अंश तापमानात ठेवायची, गोठू द्यायची नाही, आणि एकदा उघडली की ४ तासांत संपवायची. शहरात दहा माणसे रांगेतच असत. इथे एक घर या टेकडीवर, दुसरे त्या. पहिल्याच आठवड्यात मी "येतील, उघडा" म्हणून सिस्टरना घाई केली. सहाच जण आले. बाकीचे भात लावायला गेले होते. चार डोस वाया गेले. सिस्टर मला काही बोलल्या नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले.

त्यानंतर क्रम बदलला. आशाताई आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन नावे पक्की करत. आम्ही पहाटे निघायचो, लोक शेतावर जाण्याआधी पोचायचो. टोचण्याचे काम सिस्टरचेच. आमच्याकडे जीप, नोंदी आणि म्हाताऱ्यांना हात धरून आणणे. ओढा भरला की जीप अलीकडेच ठेवून लसीचा डबा खांद्यावर.

सगळ्यात वेळ खाल्ला तो नोंदींनी. आमची पुष्कळ माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात. दुसरा डोस तिकडे घेतलेला, आणि कोविनवर नंबर मुकादमाचा. नोंद सापडेपर्यंत तिसरा डोस देता येत नसे. मुकादमाला फोन लावायचा तर रेंजसाठी टेकडी चढायची. दोन तरुण पोरांनी हे काम आपणहून घेतले.

आणि शंका होत्याच. एका आजोबांनी विचारले, "दोन घेतल्या ना? मग त्या खोट्या होत्या का?" सिस्टर पावरीतच बोलल्या. त्यांनी मला नंतर सांगितले ते असे: "बाबा, तुम्ही दर वर्षी पावसाआधी घर शाकारता. म्हणून काय गेल्या वर्षीचे शाकारणे खोटे होते?" लसीचे संरक्षण काही महिन्यांत उतरते, तिसऱ्या डोसने शरीराला पुन्हा आठवण होते, हे याहून सोपे मला सांगता आले नसते. आजोबा म्हणाले, "शाकारले तरी गळतेच." सगळे हसले. सिस्टरही हसल्या आणि म्हणाल्या, "गळते, पण छप्पर तर पडत नाही." त्यांनी त्या दिवशी घेतला नाही. पुढच्या फेरीला घेतला.

३० सप्टेंबरला मोहीम संपली. आशाताईंच्या वहीत तेव्हाही नावे शिल्लक होती, बहुतेक मुकादमाच्या नंबरवरची. दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रक येतात. तोवर ती पोरे रोज संध्याकाळी टेकडीवर जात होती.